दाबून फिरवा

खरं सांगायचं तर हे लिहून ठेवायचं त्यानं जवळजवळ टाळलंच होतं. पेन हातात होतं, तक्ता मांडीवर होता, पोरगी समोर उभी होती, आणि तरी तो ढिम्म बसून राहिला.

झालं असं.

तो झाकणं बनवायचा. औषधाच्या बाटल्यांची, लहान पोरांना उघडता येऊ नयेत अशी. दाबून फिरवायची झाकणं. नुसती फिरवली तर कटकट आवाज करत जागच्या जागी गोल फिरतात आणि बाटली काही उघडत नाही, ती. शाळा त्यानं मध्येच सोडली होती. कारखान्यातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघून बघून तो ड्रॉइंग काढायला शिकला. कुणी शिकवलं नाही, कुणी अडवलंही नाही. कारखान्यातली पोरं त्याला ढक्कन म्हणायची. त्याला राग यायचा नाही. ज्याचा धंदाच झाकणाचा, त्याला ती शिवी लागणार तरी कशी.

आजवर त्यानं दुसऱ्यांच्या झाकणांची डागडुजी केली होती. हे मात्र त्याचं स्वतःचं होतं, पहिलं. साहेब म्हणाले होते, आधी पोरांवर एक कच्ची चाचणी घेऊ. त्यात पास झालं की पक्की चाचणी, आणि मग थेट साचा. थोड्याफार पोरांनी उघडलेलं चालतं, तेवढी सूट असते. पण ती सूट चाचणीच्या दिवशी दुपारपर्यंतच संपली होती. आता आणखी एकानं उघडलं की झाकण परत कॉम्प्युटरवर.

दुसरा कुणी असता तर जीव मुठीत धरून बसला असता. ढक्कन नुसता बसला होता. तीनेक वर्षं त्याचं असंच चाललं होतं. जेवायचा, झोपायचा, कामावर जायचा. आई म्हणायची, अरे, मी काय बोलतेय, ऐकतोयस ना? तो म्हणायचा, ऐकतोय. ऐकत असायचाही. पण आत काही उतरायचं नाही.

हे सुरू झालं पान्याच्या हातापासून.

पान्या म्हणजे त्याचा मित्र, साचे बसवणारा फिटर. खिशात कायम पाना, म्हणून पान्या. दोघं एकाच वर्षी कामाला लागले, एकाच बाकावर बसून चहा प्यायले, एकाच साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. एक दिवस साचा मिटला तेव्हा पान्याचा उजवा हात आत होता. चूक मशीनची होती, ढक्कनचा त्यात काही संबंध नव्हता. तो पलीकडच्या मशीनवर उभा होता, धावला, बटण दाबलं, हात सोडवला, रुग्णवाहिकेपर्यंत सोबत गेला. मग परत आला, हात धुतले आणि डबा उघडून जेवला. सगळा डबा संपवला. पोरं त्याच्याकडे बघत होती. त्यानंतर तो पान्याच्या घरी एकदाही गेला नव्हता. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहूनच गेलं, आणि मग जायला तोंडच उरलं नाही.

तर, चाचणी.

बालवाडीची मागची खोली. सतरंजी, बुटक्या खुर्च्या, भिंतीवर पोरांच्या हातांचे रंगीत ठसे. पोरं दोन-दोन करून आत यायची. चाचणी घेणारी ताई त्यांच्यासमोर मांडी घालून बसायची, दोघांना एकेक बाटली द्यायची आणि म्हणायची, हे मला उघडून देता का? आत पिठाच्या खोट्या गोळ्या. पाच मिनिटं वाट बघायची. नाही जमलं तर तोंडातून शब्द न काढता ताई एकदा उघडून दाखवायची, मग सांगायची की दातांनी उघडलं तरी चालेल, आणि पुन्हा पाच मिनिटं. ढक्कनचं काम कोपऱ्यात बसून तक्ता भरायचं. पोरांशी बोलायचं नाही, हसायचं नाही. न हसणं त्याला सोपं गेलं.

एका पोरानं बाटली जमिनीवर आपटून बघितली. एकीनं तिला मांडीवर झोपवलं. एका गोबऱ्यानं थोडा वेळ झटापट केली, मग बाटली ताईच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "तूच उघड ना. तुला येतं की." ताईला हसू आवरेना.

मग ती आली. चार वर्षांची असेल. केस कसेबसे रबरात कोंबलेले, एक बाजू वर, एक खाली. तिच्या जोडीच्या पोराला नेमकी तेव्हाच शू लागली आणि त्यानं भोकाड पसरलं. ताई त्याला घेऊन दारापर्यंत गेली, बाईंना हाका मारू लागली. पाठ वळली तेवढाच वेळ.

पोरगी उकिडवी बसली. बाटली तिनं दोन गुडघ्यांच्या मध्ये धरली, दोन्ही तळवे झाकणावर ठेवले, कोपरं सरळ केली आणि अख्खं अंग वर टाकलं, टाचा उचलल्या जातील इतकं. मग खांदे फिरवले. हात नाही, खांदे. झाकण मुकाट्यानं वळलं.

पोरांनी बाटली उघडली की काय होतं ते ढक्कननं पाहिलं होतं. सगळं ओततात, मोजतात, तोंडात घालतात. हिनं एक गोळी काढली. एकच. झाकण परत लावलं, टक् आवाज येईपर्यंत फिरवलं, बाटली बाजूला नीट उभी ठेवली. आणि उठून सरळ कोपऱ्यात आली, त्याच्यासमोर तळहात धरून उभी राहिली.

"घे," ती म्हणाली. "वर पाणी पी."

त्यानं गोळी घेतली. ती जाईना.

"गिळलीस?"

त्यानं मान हलवली. मग ती गेली आणि आपल्या जागेवर हाताची घडी घालून बसली.

ताई परत आली. बाटली बंद, पोरगी शांत. हिनं नाही ना उघडली, असं तिनं सहज विचारलं. ढक्कननं पुन्हा मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्या मानेलाच ठाऊक. पुढचा सगळा वेळ पोरीनं बाटलीला हात लावला नाही. ताईनं उघडून दाखवलं, दातांनी उघड म्हणाली, तर पोरीनं तिच्याकडे जरा कीव केल्यासारखं बघितलं आणि सांगितलं, "आता नाही. आता संध्याकाळी." ताई हसली. तिला वाटलं, काहीतरी बडबडतेय.

तिच्या नावासमोरचा रकाना त्यानं कोराच ठेवला.

शाळा सुटली. तो फाटकापाशी सामान गाडीत टाकत होता, आणि तीच पोरगी धावत जाऊन एका माणसाच्या पायाला बिलगली. माणसाचा उजवा हात खिशात होता. पान्या. पोरीला ढक्कननं शेवटचं पाहिलं तेव्हा ती रांगत होती.

"काय ढक्कन," पान्या म्हणाला. "वाट चुकलास की काय?"

ढक्कननं सांगितलं की चाचणीला आलोय. पान्या म्हणाला, असं होय, मला वाटलं माझी चौकशी करायला आलास, म्हटलं सूर्य कुठून उगवला. तो हसत होता, पण टोमणा तो टोमणाच. मग पोरीनं त्याची विजार ओढली.

"बाबा, या काकाला पण गोळी दिली."

पान्याचं हसू तिथंच थांबलं. त्यानं ढक्कनकडे बघितलं, मग रस्त्याकडे. म्हणाला, चल घरी, चहा टाकतो.

दोन खोल्यांचं घर. पान्याची बायको कामावर गेली होती, ती अंधार पडल्यावर यायची. पान्यानं डाव्या हातानं चहा टाकला, अर्धी साखर ओट्यावर सांडली, ओल्या फडक्यानं पुसली. उजव्या हाताची तीन बोटं होती तिथं होती, पण त्यांच्यात ना जोर, ना जाणीव. चटका बसला तर वासावरून कळतं, असं तो म्हणाला. बोटांना काही कळत नाही आणि रात्री मात्र तीच बोटं ठणकतात, हा कुठला न्याय, तूच सांग.

त्या ठणक्यासाठी गोळ्या होत्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. ढक्कननं बाटली हातात घेऊन लेबल वाचलं. मोठ्या माणसालाही गुंगी आणणारं औषध होतं. वर दाबून फिरवायचं झाकण.

पान्या सगळं सांगून मोकळा झाला. सुरुवातीला तो बाटली मांडीत धरून डाव्या हातानं उघडायचा. एकदा ती निसटली आणि गोळ्या घरभर झाल्या. पोरीनं पलंगाखालून, ओट्याखालून एकेक वेचून आणली आणि बाटलीत भरली. त्या दिवसापासून बाटली तीच उघडते. त्यानं फक्त दाबून फिरव एवढं सांगितलं होतं, अंग टाकायची युक्ती तिनं स्वतःच काढली. दुकानदाराकडे साधं झाकण मागून बघितलं, तर त्यानं विचारलं, घरात लहान मूल आहे का.

"मी हो म्हणालो," पान्या म्हणाला. "तिथंच फसलो."

बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. ती त्याच्या शर्टाची बटणं लावायची, बुटाची नाडी बांधायची, ताटातल्या भाकरीचे तुकडे करून द्यायची. एवढं एक औषध तरी हा स्वतःचं स्वतः घेतो, असं तिला वाटायचं. पान्याला ते तसंच राहू द्यायचं होतं.

पोरगी बाहेर ओसरीत खेळत होती. बाहुलीला काहीतरी दटावून सांगत होती.

"तिनं ती गोळी मला का दिली?" ढक्कननं विचारलं.

"आरशात बघ की. मी दिवसभर असाच बसतो, एकीकडे नजर लावून. तिला वाटलं असेल, हा पण बाबांच्यातलाच." पान्यानं चहाचा घोट घेतला. "पोरांनी सांगितलं होतं मला. त्या दिवशी तू डबा खाल्लास म्हणून."

"हो."

"काय होतं डब्यात?"

"आठवत नाही."

"बघ. मी उपाशी गेलो आणि तुला चवही कळली नाही. दोघांचंही वाया गेलं."

ढक्कनला वाटलं आता रडू येईल. आलं नाही. पान्या हळूच मुद्द्यावर आला. तू ते लिहिलंस का, त्यानं विचारलं. ढक्कन म्हणाला, अजून नाही. मग नकोच लिहू, पान्या म्हणाला. लिहिलंस की ती ताई घरी येणार, पोरगी कुठं शिकली ते विचारणार, बायकोला कळणार. नाही लिहिलंस तर तुझं झाकण पास. साहेब खूश, तू खूश, माझी झाकली मूठ. कुणाचं काय बिघडतं?

खरंच, काही बिघडत नव्हतं. आणि कुणाला कळलंच असतं, तरी साहेबांनी सांगितलं असतं की ही पोर शिकवलेली आहे, हिला यादीतून काढ. तेही काही अगदी खोटं नव्हतं.

आतून काहीतरी वाटेल, योग्य काय ते कळेल, असं ढक्कनला वाटलं होतं. आत काहीच हललं नाही. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की काही वाटायची वाट बघत बसलो तर हा रकाना जन्मभर कोराच राहील. वाटणं वगैरे नंतर येईल तेव्हा येईल.

त्यानं पिशवीतून तक्ता काढला. उघडलं. दाखवण्याआधीच. अंगाचा भार टाकून. एवढंच लिहिलं.

"मी बोटांच्या जोराचा हिशेब केला होता," तो म्हणाला. "वजनाचा नाही. आज हिला सुचलं, उद्या दुसऱ्या कुणाला सुचेल."

पान्याचा चेहरा पडला होता, आणि ते बघूनही ढक्कनला काही झालं नाही, म्हणून तो बोलत राहिला. म्हणाला, तुझी पोरगी स्वतः खाणार नाही, मानलं. पण ती देते. आज मी गप्प बसलेला दिसलो, मला दिली. उद्या शेजारचं एखादं पोर रुसून बसलेलं दिसेल, त्याला देईल. वर पाणी पी म्हणेल. गिळलीस का विचारेल, आणि गिळल्याशिवाय हलणार नाही.

बाहेर पोरगी बाहुलीला झोपवत होती. पान्या तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं डाव्या हातानं तोंड पुसलं.

"बायकोला मी सांगतो," तो म्हणाला. "आजच सांगतो. पण ती पहाटे जाते, रात्री येते. मधल्या गोळ्या कोण काढणार? तू येणार आहेस?"

त्यानं ते टाकून बोलल्यासारखं विचारलं होतं. हो म्हणेल, अशी त्याची अपेक्षाच नसावी. ढक्कननं बाटली पिशवीत टाकली.

"ही माझ्याकडे राहील. सकाळी कामावर जाताना येतो, संध्याकाळी परत येताना येतो. तुझ्या एका हाताला उघडेल आणि पोरीच्या अख्ख्या अंगाला उघडणार नाही असं झाकण मी करीपर्यंत."

"आणि नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर येतच राहीन."

"तू येत नसतोस, ढक्कन."

"माहीत आहे," तो म्हणाला. "उद्या येतो. परवाही येतो. रोज येईन, पान्या."