सरसात घट्ट बसलेलं भिंग

मी एक जुनं भिंग आहे मित्रांनो, आणि आज कुठे जरा सुटल्यासारखं वाटतंय, म्हणून बोलतोय.

कारखान्यात मला घासघास घासलं, तेव्हा कुठे मधे जाड, कडेला पातळ असा आकार आला. मग कित्येक वर्षं एका आजोबांच्या हातात होतो. ते माझ्यातून पेपर वाचायचे आणि म्हणायचे, "डोळे गेले तरी तू आहेस बाबा." आजोबा गेले आणि मी खणात पडलो. सोबतीला तुटकी बटणं आणि संपलेले सेल.

तिथून मला काढलं त्यांच्या नातीनं. तिला भौतिकशास्त्राच्या वर्गात प्रकल्प दाखवायचा होता. बुटांचा खोका, पुढे मी, मागे बटर पेपर. समोरचं चित्र कागदावर उमटतं, बस्स. पण गेल्या खेपेला पोरीचा प्रकल्प बाईंच्या टेबलावरच सुटून पडला होता आणि अख्खा वर्ग हसला होता. यंदा पुन्हा हसं झालं तर वर्गात पाऊल टाकणार नाही, असं ती घरी सांगून बसली होती.

तिचे बाबा पुस्तकं बांधणारे. म्हणाले, "सुटायचं नावच नको! आण इकडे." आणि सरस असा काही थापला, की मी आणि कागद दोघंही जागच्या जागी गार. खिडकीबाहेरच्या इमारतीची टाकी कागदावर दिसली; उलटी, पण लख्ख. बापलेक खूश.

वर्गात पडदे ओढले. बाईंनी टेबलावर मेणबत्ती लावली. "हं, दाखव गं."

कागदावर नुसता पिवळा डाग!

"बाई, ही ज्योत आहे की ऑम्लेट?" मागच्या बाकावरचा एक जण ओरडला. सगळे खिदळले. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. माझंही धाबं दणाणलं. काय चुकलंय ते मला कळत होतं, पण काचेला तोंड कुठलं?

तिनं खोका हलवला, मला पुसलं. डाग तसाच. मग ती एकदम थांबली.

"टाकी लांब होती, ही मेणबत्ती जवळ आहे. बाई, कागद मागे न्यायला हवा."

"मग ने की."

"चिकटवलाय. बाबांनी."

"मग काप गं!"

तिनं खसकन कात्री घातली. खोका फाटला, कागद हातात आला. तो उभा धरून ती हळूहळू मागे सरकत गेली, आणि उमटली ना ज्योत! उलटी, टोकदार, लवलवती.

"आईशप्पथ!" ऑम्लेटवालाच आधी धावला. "ए, मला सरकवू दे ना!"

माझा जीव भांड्यात पडला. मग सगळा वर्ग कागद पुढे-मागे करत बसला.

घरी बाबांनी फाटका खोका बघितला. "माझी बांधणी फाडलीस?"

"फाडली म्हणून तर दिसलं, बाबा."

त्यांनी डोकं खाजवलं. "खरंय गं. पुस्तकाची पाठ फार चिकटवली की पुस्तकसुद्धा उघडत नाही. हे मला कळायला हवं होतं."

तर मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जरूर जपा. मऊ फडक्यानं पुसा, ओरखडे पडू देऊ नका. पण जपायचं म्हणून जखडू नका, आणि खणात तर मुळीच टाकू नका. हातभर मोकळी जागा द्या. एवढ्यावर आम्ही अजून पुष्कळ काही दाखवू.