करणीचे मणी

गोठ्यासमोर मुंगी शिरायला जागा नव्हती. मणीबाबाने तांबडी गाईच्या कानामागे हात घातला, डोळे गरागरा फिरवले आणि "निघ भवाने, निघ!" असा काही टाहो फोडला, की म्हाताऱ्याकोताऱ्यांनी हातच जोडले. मूठ उघडली, तर तळव्यावर राखाडी मणी! एक चिरडताच पांढऱ्या फडक्यावर रक्त.

"बघा, गाईचं रक्त पिणारी करणी! उरलेले मणी मंत्राने बांधलेत. पुरचुंडी गोठ्याच्या दाराला टांगा, करणी फिरकायची नाही."

झालं! पुरचुंड्यांसाठी गल्लीत नुसती झुंबड उडाली.

घरच्या सुनेचा जीव मात्र कासावीस झाला होता. तांबडीची धार तीच काढायची. गाईचं अंग तापलंय, रवंथ बंद आहे, लघवी काळ्या कॉफीसारखी होतेय, हे तिने सासूबाईंना कधीच सांगितलं होतं.

"आई, डॉक्टरांना बोलवू या ना."

"गप गं! बाबांचा हात लागलाय, आता डॉक्टर कशाला?"

शेवटी तिने चोरून फोन केला. डॉक्टरीणबाई आल्या तोवर तांबडीने मान टाकली होती. त्यांनी गाईचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक.

"फार उशीर झाला गं. इंजेक्शन देते, पण वाचेल असं सांगवत नाही."

"अहो, बाबांनी करणी काढली की!" शेजारच्या काकू म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी दारावरची पुरचुंडी सोडली, एक मणी तळव्यावर घेतला आणि त्याच्यावर श्वास सोडला. मण्याला पाय फुटले.

"ही गोचीड. रक्त पिऊन टम्म फुगलीय. कानामागे तीच चिकटते, तिथूनच बाबाने उपटली. हिच्या चाव्यातून आजार रक्तात शिरतो, म्हणून लघवी आधी लाल, मग काळी होते. आणि तुम्ही हिला दाराला टांगता? सुटली की हजारो अंडी घालेल, पिल्लांतही तोच आजार! सगळ्या पुरचुंड्या जाळा."

बाबा केव्हाच पसार झाला होता. संध्याकाळी तांबडी गेली. सून गोठ्यात बसून ढसाढसा रडली, मग डोळे पुसून काकूंच्या दारात गेली.

"काकू, ती पुरचुंडी काढा हो. मण्याचे पाय तुम्हीही पाहिलेत ना?"

"पाहिले गं. पण काढली आणि म्हशीला काही झालं तर?"

"काढली नाही तरच होईल! बरं, एवढं तरी ऐका. रोज म्हशीच्या कानामागे, शेपटीखाली हात फिरवून गोचीड शोधा. अंग तापलं, लघवी लालसर दिसली, की त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. नंतर हवा तो बाबा आणा."

"बरं बाई," म्हणत काकू आत गेल्या. पुरचुंडी तिथेच राहिली. फडक्यातून निसटलेला एक मणी चौकटीवरून गोठ्यात उतरत होता. सुनेने तो चपलेखाली चिरडला आणि गल्लीकडे पाहिलं. प्रत्येक दारावर एक पुरचुंडी होती.