लव्हिनियाबाईंचा हात

मी एक जुना डिकँटर आहे, वाईन ओतून ठेवायचं काचेचं भांडं. मित्रांनो, मला कराफ म्हणू नका. कराफ माझ्या शेजारी बसते. तीही काचेची, तिलाही लांब मान. पण तिच्या तोंडाला बूच नाही. तिच्यात ओतलेलं त्याच जेवणात संपतं. मी सांभाळून ठेवणारा. भट्टीवरच्या कारागिराने माझी मान आणि काचेचं बूच एकमेकांवर घासून जुळवलं, तेव्हा तो म्हणाला होता, "आता हवासुद्धा विचारून आत जाईल." याचा मला फार अभिमान वाटे.

फक्त, बूच बसलं की मला बोलता येत ना—

*

निघालं.

इंग्लंडमधल्या लडलो गावच्या थॉर्न कुटुंबात इमोजेन जन्मली, त्या वर्षीची पोर्ट वाईन वडिलांनी तळघरात ठेवली. मुलगी एकवीस वर्षांची झाली की सगळ्यांनी मिळून ती प्यायची. वडील मध्येच वारले. एकविसाव्या वाढदिवशी आईने, लव्हिनियाबाईंनी, मेणबत्तीच्या उजेडात बाटलीतला गाळ मागे ठेवत ती माझ्यात ओतली.

जेवणानंतर मी बाईंसमोर होतो. तिथून मला रीतीप्रमाणे डावीकडच्या माणसाकडे सरकवायचं असतं. सरकवलं नाही, तरी उघड मागायचं नाही, ते असभ्य. आठवण करून द्यायला एका विसराळू बिशपची, म्हणजे बड्या धर्मगुरूची, चौकशी करायची. बाईंनी माझ्या नुसत्या टेकवलेल्या बुचावर हात ठेवला होता.

बाईंचा भाऊ पर्सी खाकरला. "ताई, तू त्या बिशपना ओळखतेस का गं?"

"नाही."

"भला माणूस. फक्त बाटली पुढे सरकवायला विसरतो."

"पर्सी, चीज घे."

"अजून किती घेऊ? उंदीर समजतेस का मला?"

इमोजेन हसली. तिचा पेला रिकामा होता. पाण्याची कराफ टेबलभर फिरत होती. पाणी कुणीही मागतं. इमोजेनने आईच्या हाताकडे पाहिलं आणि पेल्यात पाणी ओतून घेतलं. सकाळी ती नोकरीसाठी दूर एडिंबराला जाणार होती.

बाईंनी बूच घट्ट दाब—

*

कपाट. (हे मनातल्या मनात.) वाईनची साखर मानेत सुकली, बूच चिकटलं. महिनोन्महिने बाई येत, माझ्यावरून बोट फिरवत, "आहे," म्हणत आणि दार लावत. आत काय बिघडतंय ते मला कळत होतं. सांगणार कसं?

*

गरम फडकं, तेलाचा थेंब. निघालं.

खोलीभर शिरक्याचा वास पसरला.  बाईंनी फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"इमोजेन, तुझी वाईन गेली गं. आंबली."

"बाबांनी माझ्यासाठी ठेवली होती, आई."

"मग मागायची होतीस की!"

"तुझा हात होता त्यावर."

बाईंनी मला मोरीत रिकामं केलं.

मित्रांनो, आमची मान नीट वाळवून मगच बूच लावा, ही विनंती आहेच. पण मला फक्त सांभाळता येतं, पुढे करता येत नाही. ते तुमच्याच हातांनी व्हायला हवं. शेजारचा पेला रिकामा दिसला, तर त्याने मागायची वाट पाहू नका.