दाजींचा आवाज

माझा धाकटा भाऊ नंदीश दुपारी बाराच्या उन्हात दारात उभा राहिला, तेव्हाच मी ओळखलं की ह्याला काहीतरी हवंय. काही नको असताना तो सोलापूरला येत नाही. चौदा महिन्यांपूर्वी माझे मालक गेले, तेव्हाही आला नव्हता.

"अक्का, कशी आहेस?" अगदी पुण्याच्या सुरात.

"जित्ती हाय. चपला भाईर काढ."

नंदीश टीव्हीवर विज्ञानकथांच्या मालिका लिहितो. त्याच्या 'तळहात'चं फार कौतुक झालं म्हणे. तिच्यातली माणसं एका खोट्या जगात जातात. तिथं मेलेले लोक भेटतात, पडलेली घरं उभी असतात. जायचं कसं, तर एक काळा गुळगुळीत खडा डाव्या तळहातावर घ्यायचा आणि पापणी न लववता त्याच्याकडे बघत बसायचं. हळूहळू खोली नाहीशी होते आणि ते जग सुरू होतं. ते खोटं आहे हे ओळखायची एकच खूण. तिथला माणूस तुम्हाला जे ऐकायचं असतं तेच बोलतो. मी सगळे भाग बघितलेत, शिव्या देत देत.

हे सगळं आपल्याला सुचलं, असं तो मुलाखतींत सांगतो. सुचलं कसलं डोंबल? माझ्या घरात बसून बघितलं. आमचे हे, वीरभद्रप्पा, बाळीवेशीत धान्याचं दुकान चालवायचे. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत. रोज सकाळी गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचे आणि अर्धा तास त्यावर नजर लावून बसायचे. कॉलेजची पाच वर्षं नंदीश आमच्याकडेच होता. पाच वर्षं त्यानं ते समोर बसून बघितलं, ह्यांच्या पंगतीला जेवला, आणि पुण्याला जाऊन त्याचं यंत्र केलं.

पहिला भाग लागणार म्हणून ह्यांनी शेजारपाजारच्यांना घरी बोलावलं होतं. मेहुण्याचं कौतुक! पेढे आणून ठेवले होते. पडद्यावर एक झिंगलेला माणूस तो काळा खडा तळहातावर घेऊन मेलेल्या मैत्रिणीला भेटायला निघाला, आणि आमच्या बैठकीत कुणी खोकलंसुद्धा नाही. ह्यांनी उठून टीव्ही बंद केला. माणसं पेढा न घेता गेली. मग ह्यांनी नंदीशला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको." पुढची तीन वर्षं त्यानं लावला नाही.

आज लावला होता. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं बॅगेतून कागद काढला.

"दुसरा सीझन करतोय. दाजींचा आवाज हवाय. तुझ्या फोनमध्ये त्यांचे व्हॉइस मेसेज असतील, त्यावरून कंपनीवाले आवाज तयार करतात. मग आपण लिहू ते त्या आवाजात बोलता येतं. बायको म्हणून तुझी सही लागेल."

"आन् काय बोलायला लावणार हायस त्यास्नी?"

त्यानं खाली मान घालून वाचून दाखवलं. एक माणूस खोट्या जगात जातो. तिथं धान्याचं दुकान असतं. गादीवरचा म्हातारा त्याला म्हणतो, ये, बस. माझा तुझ्यावर राग नाही.

माझं डोकंच फिरलं. "जित्तेपणी बोलले न्हाईत, ते आता वदवून घ्यायला आलास व्हय रं?"

"मग काय करू मी?" घाबरला की त्याची पुण्याची भाषा गळून पडते. "माफी मागायला माणूसच न्हाई उरला, अक्का. कुणाकडं जाऊ?"

"त्या दिवशी कुटं हुतास? दिवसभर बसवून ठिवलं हुतं त्यास्नी, तुझ्यासाठी."

ते खरंच होतं. आमच्यात जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, लिंग डाव्या तळहातावर ठेवतात, आणि जवळचा प्रत्येक जण विभूती वाहतो. नंदीश सकाळी फोनवर म्हणाला होता, निघालोय. निघाला नव्हता. शूटिंग चालू होतं. दिवस कलला, फुलं सुकली, शेवटी स्वामी म्हणाले, आता थांबता येणार नाही. सगळ्यांनी विभूती वाहिली. मेहुण्याची राहिली ती राहिलीच.

आता त्याला ठाऊक नसलेली गोष्ट सांगते. माझ्या फोनमध्ये ह्यांचे पुष्कळ मेसेज आहेत. दूध आण, किल्ली कुठं आहे, असले. पण एक तसा नाही. जायच्या दोन दिवस आधीचा. मी आंघोळीला घरी आले होते आणि ह्यांनी दवाखान्यातून तो पाठवला होता. तो नंदीशसाठी होता. मी तो त्याला कधी ऐकवला नाही. ज्याच्या हातून चिमूटभर विभूती वाहिली गेली नाही, त्याला हे का द्यायचं? चौदा महिने मी तो दाबून ठेवला आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही.

पण ह्यांच्या आवाजात दुसऱ्याचं लिहिलेलं वाजणार, हे मला सोसेना. त्यापेक्षा खरं ऐकू दे त्याला आणि जाऊ दे. मी फोन घेतला आणि मेसेज लावला.

आधी खोकला. मग ह्यांचा दम लागलेला आवाज. "नंदीश बंदनेनु? आला का गं त्यो? आला तर उपाशी धाडू नको. भाकरी करून घाल. आन् सांग त्येला, म्या राग सोडला म्हणून. लई दिस धरला. माजीबी चूक झाली."

नंदीशचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता रडेल. रडला असता तर मी त्याला जवळ घेतलं असतं, हेही सांगते.

"कुणी करून दिलं हे?" तो म्हणाला.

"काय?"

"हे दाजी न्हाईत. दाजी जन्मात कधी 'माजी चूक' म्हणाले न्हाईत. हे मला ऐकायचंय तसंच हाय, शब्दाला शब्द." त्यानं कागद माझ्याकडे सरकवला. "रोजचं काम हाय माझं, अक्का. मला कळतं. माझी जिरवायला करून घेतलंस न्हवं?"

मेसेजच्या खाली तारीख होती. वेळही होती. फोन त्याच्यापुढे सरकवला असता तर ह्या हुशार माणसाला दोन ओळींत कळलं असतं. त्यानं वाकून बघितलं नाही. मी फोन हातातच ठेवला.

"व्हय," मी म्हणाले. "करून घेतलं."

त्यानं श्वास सोडला. थोडा हसलासुद्धा. "वाटलंच मला. पण आवाज हुबेहूब आलाय गं. आम्हाला अगदी असाच हवाय. कुणाकडून करून घेतलास?" पुण्याची भाषा परत आली होती.

"कागद उचल. सही मिळायची न्हाई."

त्यानं कागद बॅगेत घातला. हा माणूस आता आयुष्यभर ती माफी शोधत फिरणार होता, आणि आत्ताच ती ऐकून बसला होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

तो चपला घालायला उठला, तशी मी त्याला बस म्हणाले आणि आत जाऊन ज्वारीचं पीठ परातीत काढलं. उपाशी धाडू नको, असं ह्यांनी सांगितलं होतं. तेवढं मी ऐकलं.