कुलुपातला गारवा

पोर्तुगालमधल्या वाल द झिंब्रू गावाच्या सभागृहात थंड हवेचं यंत्र गेल्या वर्षीच बसलं होतं, पण ते कुणी चालू करायचं नव्हतं. सभागृहाला कुलूप होतं आणि किल्ली कॉलेजात शिकवणाऱ्या अल्दीनाच्या पर्समध्ये. यंत्र आहे, वीज आहे, बाहेर माणसं उन्हाने करपताहेत, आणि तरी कुलूप का, हे तिने सरपंच बेल्मिरोला कितीदा तरी समजावलं होतं. दरवेळी त्याने मान हलवली होती आणि दरवेळी त्याला ते पटलं नव्हतं.

त्याचं असं होतं. या यंत्राचा पैसा युरोपीय संघाचा, ब्रसेल्सहून येणारा; तो एकट्यादुकट्याला मिळत नाही. तीन देशांनी एकत्र यायचं, सगळ्यांना छळणारा एखादा मोठा प्रश्न घ्यायचा आणि अर्ज करायचा. अल्दीनाच्या गटाने उन्हाळा घेतला. वाढत्या उन्हात एकेकटी राहणारी म्हातारी माणसं घरातल्या घरात मरतात, ती कशी वाचवायची? हॉलंडवाले प्रमुख, रुमानिया आणि पोर्तुगाल जोडीला. प्रत्येक देशात गावांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एका गावात रोज सकाळी म्हाताऱ्यांना फोन जाणार, दुपारी गार सभागृह उघडणार. दुसऱ्या गावात तीन उन्हाळे काहीही करायचं नाही, किती माणसं दगावतात ते नुसतं मोजायचं, म्हणजे फरक कळेल. ते झाल्यावर त्यांनाही सगळं मिळणार होतं. यंत्रं मात्र सगळीकडे पहिल्याच वर्षी बसवून टाकली, कारण त्या वर्षीचा पैसा त्याच वर्षी संपवायचा होता. असलं शहाणपण सरकारी पैशालाच सुचतं.

कुठलं गाव कुठल्या बाजूला, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. प्रकल्पाची प्रमुख विट्स्के हिने हॉलंडात बसून, सगळ्यांना पडद्यावर दिसेल अशा बेताने चिठ्ठी उचलली. सोब्राल गावाला फोन आणि गारवा मिळाला. वाल द झिंब्रूच्या वाट्याला मोजणी आली. आणि वाल द झिंब्रूत अल्दीनाची झुल्मिरा मावशी राहत होती. आई गेल्यावर तिला लहानाची मोठी केली ती हिनेच.

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण त्या अर्जासाठी तिने रक्त आटवलं होतं. बेजा शहरातल्या तिच्या छोट्याशा कॉलेजला एवढ्या मोठ्या कामात कुणी पहिल्यांदाच हात धरून घेतलं होतं. ती गप्प बसली. आणि दुसऱ्या उन्हाळ्यात, ऊन डोक्यावर यायला लागल्यावर, ती रोज सकाळी मावशीला स्वतःच फोन करायला लागली.

"मावशी, खिडक्या लावल्यास का?"

"लावल्या. तू काय खिडक्यांची ठेकेदार झालीस?"

"पाणी प्यायलीस?"

"प्यायले, कॉफीपण प्यायले. कॉलेजात काही कामधंदा नाही वाटतं तुला? रोज उठून मेली तीच चौकशी."

"तुझी आठवण येते गं, म्हणून."

सोब्रालला फोन करणाऱ्या मुली हेच प्रश्न याच क्रमाने विचारायच्या. अल्दीनाने ते फक्त मायेत गुंडाळले होते. माया खोटी नव्हती, पण कारण तिने लपवलं. हे औषध आहे असं कळलं असतं तर मावशीने ते गावभर वाटलं असतं, आणि मग वाल द झिंब्रूची मोजणी बिघडली असती. कधीकधी मनात यायचं, की मावशीच्या समोरच्याच घरात एतेल्विना एकटी असते. अल्दीना तो विचार बाजूला सारायची आणि कामाला लागायची.

जुलैत लाट आली. रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या. एका दुपारी मावशी लिंबं द्यायला एतेल्विनाकडे गेली, तर ती पलंगावर निपचित पडलेली. वारा येईल म्हणून तिने सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या होत्या, आणि बाहेरची झळ घरभर भरली होती.

फोन बेल्मिरोचा आला. "प्रोफेसरबाई, एतेल्विना गेली. मुलगी लक्झेंबर्गहून निघालीये, उद्या संध्याकाळशिवाय पोचत नाही. शहरातलं शवागार भरलंय, दफनभूमीतल्या खोलीची तर भट्टी झालीये. देह ठेवायचा कुठे?"

अल्दीनाचा हात पर्सकडे गेला.

"किल्ली द्या," बेल्मिरो म्हणाला. "निदान मेलेल्या माणसाला तरी द्या."

तिने विट्स्केला फोन लावला. विट्स्के दुष्ट बाई नव्हती. ती म्हणाली, "उघड. याला नाही कसं म्हणायचं? पण दफन झालं की परत कुलूप लाव. आणि झालं ते नोंदवून ठेव." मग तिने विचारलं, "ती आपल्या यादीतली होती का?"

"होती."

"फार वाईट झालं, अल्दीना." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "म्हणजे फरक दिसायला लागलाय."

अल्दीनाने झटकन फोन ठेवला. विट्स्केचा राग आला म्हणून नव्हे. बेल्मिरोचा फोन ठेवताना तिच्याही मनात पहिल्यांदा हेच आलं होतं.

यंत्र पहिल्यांदा सुरू झालं ते एतेल्विनासाठी. मधोमध शवपेटी ठेवली, भोवती खुर्च्या मांडल्या, आणि गावातली सगळी म्हातारी माणसं देहाजवळच्या जागरणाला आली. एरवी तासाभरात घरी जाणारी मंडळी हलेनात. कुणी माळ ओढत होतं, कुणी खुर्चीतच घोरत होतं. कित्येक रात्रींनी त्यांना झोप लागली होती.

"बघा," बेल्मिरो हलक्या आवाजात म्हणाला, "आमच्याकडे यंत्र चालू व्हायला आधी मरावं लागतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी पोचली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दफन झालं. लोक दफनभूमीतून परतले ते थेट सभागृहात. पेटी नव्हती, तरी खुर्च्या भरल्या. अल्दीना किल्ली घेऊन दारात उभी राहिली. ऊठ म्हणायचं कुणाला, आणि कुठल्या तोंडाने?

झुल्मिरा मावशी उठून तिच्याजवळ आली. "बेल्मिरो म्हणतो, सोब्रालला रोज फोन येतात. खिडक्या लावा, पाणी प्या. खरं का गं?"

"खरं आहे."

"आणि इथे करायचे नाहीत असं ठरलेलं होतं?"

"हो, मावशी."

मावशीने तिच्याकडे नीट पाहिलं. "मग मला करायचीस ते काय होतं?"

मावशी उत्तरासाठी थांबली नाही.

"मी एतेल्विनाला रोज सांगायचे, भाचीला माझी आठवण येते म्हणून. ती म्हणायची, नशीबवान आहेस बाई, माझी पोर महिन्यातून एकदा फोन करते. एका शब्दाने सांगितलं असतंस, हे जीव वाचायला आहे, तर मी रस्ता ओलांडून तिच्या खिडक्या लावून आले असते. रस्ता आहे केवढा?"

एवढं बोलून ती बाहेर गेली आणि भर उन्हात पायरीवर जाऊन बसली.

अल्दीनाने तिथेच उभं राहून विट्स्केला फोन केला. "मी कुलूप लावत नाहीये. उद्यापासून इथे सगळ्यांना फोन जातील. आणि माझी मावशी यादीत आहे, तिला मी या उन्हाळ्यात रोज फोन करत होते, तेही लिही."

मग विट्स्के म्हणाली, "मग पोर्तुगालचे आकडे बाद. कदाचित सगळाच प्रकल्प. पैसे परत मागतील, तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

ती बाहेर आली. मावशीचा चेहरा लालबुंद झाला होता. "आत चल ना. आता रोज उघडं राहील."

"आधी एतेल्विनाच्या पोरीला जाऊन सांग. मग येते मी."

"काय सांगू?"

"मला काय विचारतेस? शिकलेली तू आहेस."

मावशी उठणार नाही हे अल्दीनाला कळलं. ती चढ चढून एतेल्विनाच्या घराशी गेली. पहिलं वाक्य जुळवत होती, तोच दार उघडलं. मुलीचे डोळे सुजले होते, तरी ओळख पटल्यावर ती हसली.

"तुम्ही झुल्मिराबाईंच्या भाची ना? रोज फोन करता त्या? आई नेहमी तुमचं कौतुक करायची. या, आत या."