पोश्याबाबाचं दुसरं सोंग

मी डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे; झोपलेल्या माणसाच्या नाकात वारा सोडणारा. एक नळी आणि एक रबरी मुखवटा, एवढाच माझा संसार. आधी मी कल्याणच्या एका शेठजींकडे होतो. त्यांनी नवा घेतला आणि मला वॉचमन सुरेंद्रला देऊन टाकलं. अशा रीतीने २००६ साली मी शेणव्याजवळच्या पाड्यावर, सुरेंद्रच्या बापाकडे आलो.

पोश्याबाबा घोरायचा, मध्येच त्याचा श्वास अडायचा, आणि दिवसा भाताच्या बांधावरून चालता चालता तो खाचरात पडायचा. तेही दारूला न शिवता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, झोपताना हे लावा, झोप झाली की तोलही सावरेल.

पण पाड्यावर दरवर्षी बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे मुखवटे घालून माणसं संबळावर नाचतात. महिषासुराचं सोंग पोश्याबाबाच्या घराण्याकडे. पाड्यावरची म्हातारी ताराबाई म्हणाली, "मुखवटा घालून कोन झोपतो काय रे? तो नाचवायचा असतो." डॉक्टरला मुखवट्यातलं काय कळतंय, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

माझ्यापुढे नारळ फुटला. बोहाड्यात वाजवणाऱ्या नवशाने संबळ धरला आणि पोश्याबाबा भर दुपारी मुखवटा लावून अंगणात नाचू लागला. मागे नळी, आणि नळीमागे मला कडेवर घेतलेली त्याची बायको चंद्रकला. वायर संपली की सगळी वरात मागे फिरायची. झोपताना मात्र मला मानाने उतरवून ठेवायचे. महिनाभर हे चाललं, आणि बाबा पूर्वीइतकाच पडत राहिला.

शेवटी चंद्रकला वैतागली. "नाचून काय होत नाय. आता डाक्टर सांगतो तसं करू." दोन महिन्यांत बाबा डोक्यावर भारा घेऊन बांधावरून सरळ चालायला लागला. मला फार अभिमान वाटला.

तिथेच घात झाला. देवीचा वार बसला की महिषासुर झोकांड्या खात कोसळतो, आणि बाबासारखी झोकांडी पंचक्रोशीत कुणाची नव्हती. आता तालमीत तो वार खाऊन ताठ उभा. पंच म्हणाले, "राक्षस असा सरळ चालतो काय? जमत नाय तर सोंग तुझ्या पुतण्याला देऊ."

बाबाने मला पेटीत कोंडलं. आठ दिवस तो माझ्याशिवाय झोपला. पेटीतून मला घोरणं ऐकू यायचं, मग काहीच नाही, मग चंद्रकलेचं त्याला हलवणं.

बोहाड्याच्या सकाळी मी पेटीतच होतो. पुढचं नवशाच्या तोंडून ऐकलं. बाबाने अशी झोकांडी खाल्ली की लोक टाळ्या पिटत राहिले. पडलेला महिषासुर उठेना, तेव्हा त्यांनी आणखी पिटल्या. चंद्रकला एकटीच रिंगणात धावली. तिने बाबाला गदागदा हलवलं, श्वास परतला तसा महिषासुराचा मुखवटा उतरवला आणि पुतण्याच्या हातात दिला.

"सोंग तुमी घ्या," ती पंचांना म्हणाली. "माणूस मला ठेवा."

आता पुतण्या झोकांडी शिकायला येतो, आणि बाबाला ती काही केल्या दाखवता येत नाही. मी उशाशी असतो. वीजवाल्यांनो, मी साधा डबा, पण हात जोडून सांगतो. दिवसभर लाइट घालवा, आमची तक्रार नाही. रात्री मात्र घालवू नका. चंद्रकला आत्ता कुठे झोपायला लागली आहे.