मी आणि भिंतीवरचा जिराफ

मी शिलाईची मशीन बोलतेय. बेचाळीस वर्षांची, काळी, वजनदार. पोटावर सोनेरी वेलबुट्टी होती, ती निम्मी पुसली गेलीय. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर लाज वाटणार नाही. या वयात मी एका कागदाच्या जिराफावर जळले. आणि थोडीथोडकी नाही, कर्जाचा हप्ता चुकेपर्यंत जळले.

तसा माझा स्वभाव पहिल्यापासूनच असा. कारखान्यात आम्ही चाळीसजणी रांगेत उभ्या होतो, तेव्हाही शेजारणीची वेलबुट्टी माझ्यापेक्षा ठसठशीत आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिथून एका शिंप्याकडे गेले. तो तोंडात टाचण्या धरून प्रत्येक गिऱ्हाइकाला "उद्या नक्की" म्हणायचा. टाचण्यांमुळे ते धड ऐकूही यायचं नाही, म्हणून त्याला ते खोटं वाटत नसावं. माझ्यावर त्याचा जीव होता, पण इस्त्रीला तो माझ्यापेक्षा जपून हात लावायचा. ती गरम असते म्हणून, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

शिंप्याची नजर अधू झाली, तेव्हा एका आईनं मला त्याच्याकडून विकत घेतलं आणि लेकीला लग्नात दिलं. ती लेक म्हणजे आत्ताची माझी मालकीण. मी मनातल्या मनात तिला 'आमची बाई' म्हणते.

पहिली दहा वर्षं बाईनं मला टेबल म्हणून वापरलं. अंगावर एक कापड आणि कापडावर फुलदाणी. फुलदाणीवर जळूनही माझं झालंय. पण दुपार छान जायची. जेवणं उरकली की बाई माझ्या पायडलपाशी सतरंजी टाकून तासभर झोपायची. इतकी गाढ, की बेल वाजली तरी हलायची नाही. घरात त्यावरून तिची चेष्टा चालायची. तिच्या श्वासाबरोबर मलाही डुलकी लागायची.

मग तिच्या नवऱ्यानं भागीदारीत रंगाचं दुकान काढलं. दीड वर्षात भागीदार गेला, दुकान गेलं, राहिलं ते कर्ज. अठ्ठेचाळीस महिने, अठ्ठेचाळीस हप्ते. नवरा एका गोदामात नोकरीला लागला, पण त्याच्या पगारात घर चालवून निम्माच हप्ता निघायचा. तेव्हा बाईनं फुलदाणी उचलली, माझ्यावरचं कापड झटकलं, नवा पट्टा चढवला आणि म्हणाली, "ऊठ गं. आता हे आपलं दोघींचं काम."

आपलं दोघींचं. मी अशी फुशारले, की पहिल्या दिवशी टीप सुद्धा वाकडी घातली नाही.

पण महिन्याच्या आत तो आला.

घरात एक मुलगी आहे. पेन्सिली कुरतडते म्हणून तिला सगळे खारूताई म्हणतात. अठ्ठेचाळीस हप्ते म्हणजे नेमके किती, ते कुणाच्या डोळ्यांसमोर येईना आणि मोठी माणसं हातपाय गाळून बसलेली. तेव्हा खारूताईनं एक भला मोठा कागद घेतला. दुसऱ्या कुणी त्यावर घर काढलं असतं, शिडी काढली असती. तिला फक्त जिराफ काढता येतो. त्याच्या अंगावर बरोबर अठ्ठेचाळीस ठिपके, खुरापासून शिंगापर्यंत. हप्ता भरला की एक ठिपका नारिंगी रंगवायचा. आणि हा जिराफ चिकटवला कुठे, तर माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर.

नियम आजोबांनी, म्हणजे बाईच्या सासऱ्यांनी घातला. हप्ता भरला त्या संध्याकाळी चौघांनी भिंतीसमोर बसायचं. ज्यानं त्यानं महिन्याभरात काय सोडलं ते सांगायचं. ज्याचं सोडणं सगळ्यात भारी, त्यानं ठिपका रंगवायचा आणि शेजारी आपलं नाव लिहायचं.

आजोबांनी पेपर बंद केला आणि न्हाव्याच्या दुकानात जाऊन वाचायला लागले. फुकट बसायची लाज वाटते म्हणून दर वेळी थोडे केस कापून घ्यायचे. त्याचे पैसे कुणी धरले नाहीत, आणि आता कापायला काही उरलंही नाही. नवरा बस सोडून पायी जायला लागला. खारूताईनं शाळेची सहल सोडली. तिला मुळात गाडी लागते, पण ठिपका मिळाला.

बाईवर आलं की बाई म्हणायची, "मी काय सोडणार? मी तर नुसती शिवतेय." आणि जेवायला वाढायला उठायची.

जिराफाचे लाड तर विचारू नका. येता-जाता त्याच्या पाठीवर हात. नवरा दमून आला की आधी त्याच्यासमोर उभा राहायचा, "काय जिराफराव, गुडघ्याच्या वर आलो की आपण." पाहुण्यांना त्याची ओळख करून दिली जायची. एकदा छत गळायला लागलं, तर घरातले चौघे धावले आणि त्याला अलगद समोरच्या भिंतीवर नेऊन लावलं. त्याच्या खाली मी होते. माझ्या डोक्यावर पातेलं ठेवलं.

सांगा, जळू नको तर काय करू? निम्मा हप्ता माझ्या सुईखालून जात होता. त्याला ना सुई, ना दोरा, ना तेलाची गरज. नुसता उभ्या उभ्या ठिपक्याठिपक्यानं सजतोय, आणि कौतुक त्याचं.

तीस ठिपके झाले, मान सुरू व्हायच्या बेतात होती, आणि माझं डोकं फिरलं. बाईकडे एका दवाखान्याचे एकशे वीस उशांचे अभ्रे शिवायला आले होते. त्या महिन्याचा हप्ता त्यांच्यावरच होता. मी टाके गाळायला लागले. दोऱ्याचा गुंता करायला लागले. एकदा तर सुईच मोडली. बाईनं सुई बदलली, दोरा बदलला, मग मला चुचकारलं, "अगं, आज नको ना असं करू." मला बरं वाटलं. निदान माझ्याशी बोलतेय तरी. म्हणून मी आणखी ताणलं.

चौथ्या दिवशी अशी अडकले, की माझं मलाच सुटता येईना. चाक जागचं हलेना. साठ अभ्रे झाले होते, साठ राहिले होते. दवाखान्यानं थोडी मुदत दिली, पण पैसे सगळा माल आल्यावरच. हप्ता चुकला.

घर कसं सैल पडतं, ते मी तेव्हा पाहिलं. त्या संध्याकाळी भिंतीसमोर कुणी बसलं नाही. दुसऱ्या दिवशी नवरा बसनं गेला. तिसऱ्या दिवशी आजोबांनी पेपर विकत आणला. खारूताईनं नवी पेन्सिल मागितली आणि कुरकुर न करता मिळाली. कुणी कुणाला टोकलं नाही. टोकलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी नवरा म्हणाला, की तो कागद उतरवून टाकू या, रोज बघून जास्त वाईट वाटतं. आणि ही बंद मशीन विकून चुकलेला हप्ता तरी निघतोय का बघू.

मला वाटलं होतं, तो उतरला की माझ्या काळजात थंडावा पडेल. आता तो उतरत होता आणि त्याच्याबरोबर मीही.

खारूताई स्टुलावर चढली. एका कोपऱ्याची चिकटपट्टी काढली आणि थांबली. ठिपक्यांशेजारची नावं मोजायला लागली. आजोबा अकरा. बाबा दहा. ती स्वतः नऊ.

"आईचा एकही नाही?"

"मी काय सोडलंय?" बाई म्हणाली. ती खरंच विचारत होती.

आजोबा पेपरच्या आडून म्हणाले, "दुपारची झोप."

नवऱ्यानं माझ्या पायडलकडे पाहिलं. जिथं सतरंजी असायची तिथं चिंध्यांचं गाठोडं होतं. तो म्हणाला, "मला वाटलं, तुला हल्ली झोप येत नाही."

"येते की," बाई म्हणाली. "शिवताना येते."

मला माझीच लाज वाटली. अडीच वर्षं मी मान वर करून त्या जिराफाकडे बघत बसले. माझ्यासारखीच कुठे नाव नसलेली बाई माझ्यासमोर बसली होती, आणि मी तिच्याच हातातला दोरा तोडत होते. पण खरं सांगू? पाठोपाठ तिचाही हेवा वाटला. दुपारची झोप माझीही गेली होती. माझं नाव कुणी काढलं नाही.

खारूताईनं चिकटपट्टी परत दाबून बसवली. आजोबांनी पेपरची घडी घातली, पुढच्या महिन्याच्या पेपरचे पैसे काढून मुलाच्या हातात ठेवले आणि म्हणाले, मेकॅनिकला बोलाव. नवरा गेला, तोही पायी.

मेकॅनिक म्हणजे एक म्हातारे काका. माणसांशी फार बोलत नाहीत. मशीनच्या पोटाला कान लावतात आणि मशीनशीच बोलतात. त्यांनी माझ्या आतून सुईचं मोडकं टोक काढलं आणि मलाच दाखवलं. "हे गिळलंस."

उरलेले साठ अभ्रे पाच दिवसांत झाले. आजोबा दोरे कापायचे, खारूताई घड्या घालायची, नवरा गोदामातून आला की अभ्रे उलटे करून बोटांनी कोपरे काढायचा. त्यानं तीन फाडले. ते आता घरात वापरतात. कापड बाईनं भरून दिलं. आणि दुपारी आजोबा माझ्या स्टुलावर तास तास बसून राहायचे, सूनबाईनं बसू नये म्हणून. सतरंजी परत आली.

पुढच्या महिन्यात दोन हप्ते एकदम भरले. दोन्ही ठिपके बाईनं रंगवले, जीभ दातांत धरून, रंग रेषेच्या बाहेर. 'आई' असं लिहिलं, नारिंगी झालेलं बोट पुसायला काही सापडेना, म्हणून माझ्या पोटावर पुसलं. तो डाग अजून आहे. मी त्याला डाग म्हणत नाही.

आता त्याचे त्रेचाळीस झालेत, माझा एक. त्याची मान संपली, जबडा आलाय. शेवटचा ठिपका रंगला की त्याला काचेची फ्रेम करायची, असं ठरतंय. फ्रेम. मला काय, ते कुणी बोलत नाही. मी अजून जळते, पण टाके गाळत नाही. एवढीच विनंती आहे, की कर्ज फिटल्यावर फुलदाणी परत आणू नका. सतरंजी मात्र राहू द्या, आणि तिच्यावर ती.

काल माझी कुरकुर वाढली म्हणून मेकॅनिककाकांना बोलावलं होतं. त्यांनी कान लावला आणि मी त्यांना हे सगळं अथपासून इतिपर्यंत सांगितलं. जिराफाचं, फ्रेमचं, पातेल्याचं सुद्धा. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"बरं," ते म्हणाले. "तेल घालतो."